अन्ननलिकेतील आम्ल : निरोगी प्रमाण कसे ठरले?

छातीत जळजळणे, आंबट पाणी घशाशी येणे या तक्रारी सर्वपरिचित आहेत. तथापि जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढणे हा प्रत्येक वेळी रोगच असतो, असे नाही. निरोगी माणसातही, विशेषतः जेवणानंतर, ते अल्पकाळ वर येते. तेव्हा रोग ठरविण्यापूर्वी निरोगी प्रमाण ठाऊक असणे अगत्याचे ठरते.

हे प्रमाण अमेरिकेतील जॉन्सन व डीमीस्टर यांनी १९७४ साली मांडले. तक्रार नसलेल्या १५ स्वयंसेवकांच्या अन्ननलिकेत, तिच्या खालच्या झडपेपासून ५ सेंटीमीटर वर, आम्लतामापक ठेवून २४ तास नोंद घेण्यात आली. पी.एच. ४ च्या खाली गेल्यास आम्ल चढले असे मानण्यात आले. एकूण काळ, उभ्या व आडव्या स्थितीतील काळ, प्रसंगांची संख्या, ५ मिनिटांहून दीर्घ प्रसंग व सर्वांत दीर्घ प्रसंग या सहा बाबींवरून एक गुणांक बसविण्यात आला. १४.७२ ही त्याची कमाल मर्यादा रूढ झाली.

२०१८ च्या लियाँ सहमतीनुसार ४ टक्क्यांहून कमी काळ, म्हणजे दिवसाकाठी सुमारे ५८ मिनिटांपर्यंत, आम्ल आढळणे स्वाभाविक होय. ६ टक्क्यांहून अधिक काळ रोगदर्शक. मधल्या प्रमाणात अन्य पुरावा पाहावा लागतो.

या मोजपट्टीमुळे अनावश्यक औषधे व शस्त्रक्रिया टाळता येतात. मात्र छातीतील वेदना हृदयविकाराचीही असू शकते. म्हणून स्वतःच निदान न करता प्रथम वैद्यकीय तपासणी करून घेणे श्रेयस्कर होय.