शटरचा भाव फुटाने, मजबुती मात्र गेजने!

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे वर घर आणि खाली गाडीची खोली असे बांधकाम आता नवलाचे राहिलेले नाही. खाली मोटार किंवा हळद वाहणारा टेम्पो, पुढे लोखंडी रोलिंग शटर. हे काम करणाऱ्या वेल्डर-फॅब्रिकेटर बांधवांना ग्राहक पहिला प्रश्न एकच विचारतो : फुटाला काय भाव? घोळ इथेच होतो.

भाव चौरस फुटाचा, पण लोखंड विकत घ्यावे लागते किलोने. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे पुष्कळ ग्राहकांना ठाऊक नसते. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९ आणि २२ गेज अवघा ०.७. दहा बाय आठ फुटांच्या शटरला सपाट पत्र्याचाच हिशेब धरला तरी २० ऐवजी २२ गेज लावल्यास ११ किलोंहून अधिक लोखंड वाचते. पट्ट्यांना वळण असते, म्हणून खरा फरक याहून मोठा. रंग चढला की दोन्ही सारखेच दिसतात! भारतीय मानक ६२४८ प्रमाणे साडेतीन मीटर रुंदीपर्यंत पत्रा किमान ०.९ आणि त्यापुढे १.२ मिलिमीटर हवा. आमचे कारागीर बांधवांना सांगणे आहे की, कोटेशनवर गेज लिहून द्या आणि रंगाआधी ग्राहकासमोर मायक्रोमीटर लावा. स्वस्तवाल्याला उत्तर द्यायचे तर ते असेच देता येईल.

जाड पत्र्याचे शटरही अडकते. लोक उन्हाला दोष देतात. आम्हाला ते पटत नाही. तीन मीटरची पट्टी ३० अंशांनी तापली तरी जेमतेम एक मिलिमीटर वाढते. आपल्या भागातली काळी माती मात्र पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंत हलली की चॅनेल ओळंब्यातून जाते. म्हणून चॅनेल विटांच्या भिंतीत न ठोकता खोल पायाच्या काँक्रीट कॉलमला पक्के करावे. पट्ट्यांच्या टोकांना रिव्हेट मारलेल्या क्लिपा हव्यातच, नाहीतर पट्ट्या बाजूला सरकतात.

चोर पहार लावतो ती खालच्या पट्टीला. तिथे भक्कम अँगल आणि दोन्ही बाजूंना कुलूप असावे. गंजही तिथूनच चढतो, तेव्हा उंबऱ्याचा उतार बाहेर काढावा. चॅनेलमध्ये ग्रीस थापू नये, धूळ चिकटून बसते.

वरच्या स्प्रिंगमध्ये मोठा ताण भरलेला असतो. घरमालकाने तिला हात लावू नये, आणि कारागिराने शिकाऊ पोराला शाफ्टवर एकटे चढवू नये.