वार्ता आणि विश्वास

कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत कृषि, पशुपालन आणि वाणिज्य या तिहींस मिळून 'वार्ता' असें नांव दिलें आहे. भागवताच्या दशम स्कंधांत त्यांत चौथें कुसीद, म्हणजे व्याजबट्टा, मिळवून वार्ता चतुर्विध सांगितली आहे. शेतकरी, व्यापारी आणि सावकार यांची गांठ एका शब्दांत बांधणारी ही दृष्टि आम्हांस मोठी मार्मिक वाटते. कारण शेतमाल परदेशीं पाठविणारा आणि लहान धंद्यास कर्ज देणारा यांच्या आजच्या अडचणी वरवर निराळ्या दिसल्या, तरी त्यांचें मूळ एकच आहे. आणि तें मूळ शोधूं गेल्यास आपल्या स्वयंपाकघरांतील कांद्याच्या टोपलीपर्यंत जावें लागतें.

कांद्याचेंच उदाहरण घेऊं. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांव ही या मालाची नामांकित पेठ. तेथें लिलावांत माल घेणारा निर्यातदार कोलंबो किंवा दुबई येथील व्यापाऱ्याशीं भाव ठरवितो, माल निवडून गोण्यांत भरतो आणि न्हावाशेवा बंदरावर धाडतो. सौदा ठरणें आणि जहाज सुटणें यांमध्यें कांहीं दिवस जातात. एवढ्या अवधींत नियम पालटला, तर भरलेला माल बंदरावरच सडूं लागतो.

ही शंका काल्पनिक नव्हे. २०१९ व २०२० या दोन्हीं सालीं सप्टेंबरांत निर्यात एकाएकीं बंद झाली होती. पुढें ऑगस्ट २०२३ मध्यें ४० टक्के निर्यातकर बसला. ऑक्टोबरअखेर टनास ८०० डॉलरहून कमी भावानें माल पाठवूं नये असें ठरलें. डिसेंबरांत तर निर्यातच थांबली. मे २०२४ मध्यें बंदी उठली, पण ५५० डॉलरचें किमान मूल्य आणि ४० टक्के कर यांसह. सप्टेंबरांत कर निम्म्यावर आला, आणि १ एप्रिल २०२५ पासून तो साफ गेला. वीस महिन्यांच्या आंत निदान सहा वेळां नियम फिरला! परदेशचें गिऱ्हाईक अशा वेळीं स्वस्थ बसत नाहीं. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशानें म्यानमार, इजिप्त व तुर्कस्तान येथून कांदा आणविला. एकदां दुसऱ्या दुकानाची पायरी चढलेलें गिऱ्हाईक पूर्वींच्या ओढीनें परत येईलच, असा भरंवसा कोणीं द्यावा?

येथें कोणी म्हणेल कीं, परदेशचे निर्बंधहि कडकच असतात. तें खरें, परंतु कडक नियम आणि चंचल नियम यांत अंतर आहे. २०१० सालीं आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश मर्यादेबाहेर आढळला आणि युरोपांत माल नाकारला गेला. बागाईतदारांस मोठी झळ लागली. पण त्यांनीं कसून तपासणी पत्करली आणि बाजार राखला. फळमाशीमुळें १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें आपला आंबा बंद केला. सुधारणा पाहून जानेवारी २०१५ मध्यें दार पुन्हां उघडलें. नियम कळला म्हणजे उद्योगी मनुष्य त्यास पुरून उरतो. उद्यां तो कोणता असेल हेंच न कळल्यास उद्योगाचा उपयोग काय?

आतां कुसीदाकडे वळूं. बंदर बंद झालें कीं निर्यातदार अडत्याचे पैसे थकवितो, अडत्या शेतकऱ्याचे, आणि शेवटीं कांदाचाळीसाठीं किंवा ट्रॅक्टरसाठीं घेतलेल्या कर्जाचा हप्ता चुकतो. गांवची पतसंस्था हा फटका कोठवर सोसणार? आधींच तिची वाट बिकट. पन्नास हजारांच्या कर्जास चौकशीचे श्रम जवळजवळ पन्नास लाखांच्या कर्जाइतकेच पडतात. ऋणकोपाशीं तारण ठेवण्याजोगें कांहीं नसतें. आणि लहान कारखानदारास मोठ्या गिऱ्हाइकानें ४५ दिवसांच्या आंत पैसे चुकते करावे, असा २००६ चा कायदा असूनहि पुष्कळांची बिलें महिनेच्या महिने अडकून पडतात. शिवाय २००८, २०१७ व २०१९ सालीं कर्जमाफ्या झाल्या. बुडालेल्यास हात देणें हा धर्मच होय. परंतु वेळेवर फेडणाऱ्याच्या मनांत त्यामुळें जो विकल्प येतो, तो धनकोच्या वहींत लिहिला जात नसला तरी त्यास जाचतो.

धनकोहि सर्वस्वीं निर्दोष नव्हेत. १८७५ सालीं सुपें येथें लोकांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले, तें उगाच नव्हे. त्यांतूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आंध्रांत २०१० सालीं सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्थांच्या वसुलीच्या जाचाबद्दल ओरड होऊन सरकारनें वटहुकूम काढला. वसुली कोसळली, आणि ज्या गरीब स्त्रियांस तें कर्ज मिळत असे त्यांच्यापुढील दारहि लागलें. धनकोनें लोभ सोडला आणि ऋणकोनें शब्द सोडला, या दोहोंचा परिणाम कांहीं एकसारखा होत नाहीं.

मग या अस्थैर्याचें कारण कोण? कांहीं अंशीं आपणच. कांदेनवमीस भजीं तळून पुढें चार महिने कांदा वर्ज्य करणारीं आपलीं घरेंसुद्धां भाव चढला कीं गिल्ला करतात, आणि त्या गिल्ल्यास भिऊन बंदर बंद होतें. भाव रुपयावर आला म्हणजे मात्र आपला आवाज ऐकूं येत नाहीं. गरिबाच्या ताटांतील कांदा महागूं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. त्याकरितां सरकार राखीव सांठा खरेदी करतें. २०२३ मध्यें तो ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेला. गरजवंतास थेट स्वस्त कांदा देणें हाहि मार्ग आहे. पण एकाच्या सोयीचा सगळा भार दुसऱ्याच्या चाळीवर लादणें हा न्याय नव्हे.

आमचें मागणें थोडकें आहे. निर्बंध घालावयाचे तर ते पेरणीपूर्वीं जाहीर करावे, ठरलेल्या सौद्यांस आणि बंदरावर पोंचलेल्या मालास त्यांतून वगळावें, आणि लहान धंदेवाल्याचें बिल मुदतींत मिळतें कीं नाहीं हें कसोशीनें पाहावें. आणि घरोघरच्या वडील माणसांनीं पुढच्या वेळीं भावाची बातमी मोठ्यानें वाचतांना, त्या भावांतून शेतकऱ्याच्या पदरीं काय पडलें, हेंहि मुलांस सांगावें. पाऊस सांगून येत नाहीं. नियमानें तरी सांगून यावें.