वडापनं निघा, बाजार बघा

सेनेगलमध्ये डाकारहून लांबच्या गावाला जायचं, तर 'सेट प्लास' मिळते. जुनाट प्यूजो गाडी, सात सीटा. टायमिंग नाही, सात माणसं भरली की सुटते. तिचे व्हिडिओ बघून 'कसला भारी प्रवास!' म्हणत असाल, तर खंडाळ्याच्या स्टँडबाहेर या. आपलं वडाप दुसरं काय करतं? सीटा कमी, माणसं जास्त, एवढाच फरक.

पण आपण हायवेला लागलो की थेट पुणे, नाहीतर खंबाटकी चढून सातारा. मधला मुलूख दिसतच नाही. परीक्षा संपल्यावर एकदा हायवे सोडा आणि लोणंद गाठा. आपल्याच तालुक्यातली कांद्याची मोठी बाजारपेठ. लिलावाच्या दिवशी सकाळीच जा. व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगापाशी थांबतो, बोली होते आणि पुढं सरकतो. चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल एवढ्यात लागतो! घरी कांदा असेल, तर वडिलांच्या खिशातली पट्टी मागून वाचा. हमाली किती, तोलाई किती, हातात किती. कॉलेजात शिकतो आपण, पण हा कागद कितीजणांनी वाचलाय?

लोणंदलाच पुणे-मिरज रेल्वे आहे. पॅसेंजर धरा, खिडकी पकडा. सालपे, आदर्कीच्या डोंगरातून गाडी वळणं घेत निघते. सातारा, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी करत सांगली.

सांगलीत हळद. २०१८ साली तिला जीआय मानांकन मिळालं. मार्केट यार्ड बघून झालं की जवळच्या हरिपूरला जा. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव पेवांसाठी प्रसिद्ध. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं हळदीचं कोठार. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. आधी कोंडलेली हवा जाऊ देतात. २००५च्या महापुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं गेली. उरलेली कुठं आहेत, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

खर्चाचं म्हणाल, तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. मुलींना तर मार्च २०२३पासून साध्या तिकिटातही निम्मी सवलत आहे. घरच्यांना हे आधी सांगा, परवानगी नंतर मागा.

एक दिवस उरला तर तासगाव. तिथं बेदाण्याचे सौदे चालतात. बॉक्स फोडून माल दाखवताना बेदाणा खाली उधळला जातो, आणि त्यावरून शेतकरी कितीतरी वर्षं भांडतायत. सौद्यात उभे राहिलात, तर बोलीकडं कान द्याच, पण पायाखालीही बघा.