पाणी मुरतंय कुठे?

‘पाणी कुठेतरी मुरतंय’ असं आपण संशयाच्या प्रकरणात म्हणतो. मोटारीच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरू शकतं. बॉनेटखालच्या टाकीतलं कूलंट आठवड्याला बोटभर उतरतं आणि गाडी उभी केलेल्या फरशीवर सकाळी एक थेंब नाही! टर्बो इंजिनात हा प्रकार फार चकवतो. का, ते पाहू.

इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाया न घालवता त्याच्या जोरावर एक लहानसं चक्र फिरवायचं आणि त्या चक्रानं इंजिनात जास्त हवा कोंबायची, हा टर्बो. आल्फ्रेड बुखी या स्विस अभियंत्यानं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं. पेट्रोल गाडीत त्याच्यावर येणारा धूर आठ-नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. म्हणून अशा अनेक गाड्यांत टर्बोच्या बेअरिंगभोवतीही कूलंट खेळवतात. मग नळ्या आल्या, जोड आले, जोडांत तांब्याचे वायसर आले. एवढ्या तापल्या जागी थेंब झिरपला तर तो जमिनीपर्यंत पोचतच नाही. जागच्या जागी वाफ होते. मागे राहतो तो गोडसर वास आणि क्षाराचा पापुद्रा.

दुसरी गोष्ट दाबाची. टाकीचं झाकण आतला दाब धरून ठेवतं, साधारण एक बार. या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. इंजिन थंड झालं की दाब ओसरतो आणि गळतीही थांबते. सकाळी वाकून पाहणाऱ्याला काय दिसणार?

माझा भाचा औषधांच्या कंपनीत फिरतीवर असतो. चिपळूण-कराड, म्हणजे कुंभार्ली घाट त्याच्या रोजचा. गाडी जुनी घेतलेली, टर्बो पेट्रोल, बँकेचे हप्ते चालू. एका गॅरेजनं सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल. ‘मामू, सहा महिन्यांचे हप्ते एका झटक्यात गेले समजा,’ तो म्हणाला. मी बी.ए. झालेला, तेही साहित्य घेऊन. सल्ला काय देणार? ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे त्याला घेऊन गेलो आणि शेजारी स्टुलावर बसून राहिलो.

गॅरेजचा संशय अगदीच निराधार नव्हता. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो. त्यामुळे गॅस्केटची बारीक फट घाट चढतानाच उघडते आणि उभ्या गाडीत मिटलेली राहते, असं होऊ शकतं. पण मिस्त्रींना पुरावा हवा होता. घाटात गाडी पिटाळून आणल्यावर त्यांनी टाकीतली हवा एका निळ्या द्रवातून ओढली. जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हा द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला. ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं नव्हतं. प्लग काढून आत बारीक कॅमेरा घातला. कूलंट ज्या सिलिंडरमध्ये शिरतं, तिथला पिस्टन वाफेनं धुतल्यासारखा लख्ख दिसतो. इथे सगळे सारखेच काळे.

मग हातपंपानं टाकीत दाब भरला. थंड इंजिनात काटा हलला नाही. इंजिन तापल्यावर मात्र तो हळूहळू उतरू लागला. टर्बोवरचा पत्रा काढला, तेव्हा परतीच्या नळीच्या जोडावर गुलाबी पापुद्रा धरलेला दिसला. दोन वायसर बदलले. सगळ्याचं बिल एका हप्त्याहून कमी झालं.

चोर दरवेळी हाच असतो असं नाही. काचेवर आतून चिकट धुकं आणि पायाखालची मॅट ओली, तर हीटर तपासावा. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी डाग दिसतात. कधी नुसतं झाकण थकलेलं असतं. डिझेल गाडीत ईजीआर कूलर फुटला, तर कूलंट धुरावाटे निघून जातं. आणि नुकतंच कूलंट बदललं असेल, तर अडकलेली हवा निघेपर्यंत पातळी एक-दोनदा उतरते. ती गळती नव्हे.

सकाळी, सपाट जागी, इंजिन थंड असताना टाकीवर पेनानं खूण करावी आणि शेजारी किलोमीटर लिहावेत. मिस्त्रीला याचा फार उपयोग होतो. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. बोअरचं पाणी ओतू नये, त्याचे क्षार आत धरतात. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना रस्त्यावरचा उपायही टर्बोच्या अरुंद वाटांना मानवणारा नाही. आणि कूलंटची बाटली वर ठेवावी. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलं तर लगेच पुसून घ्यावं, घरात मूल किंवा मांजर असेल तर विशेषच.