बालकांतील चिंता-विषादाचे मापन : प्रश्नावलीची परीक्षा

पोटदुखी, शिरःशूल वा निद्रानाशाची तक्रार घेऊन येणाऱ्या शाळकरी मुलांपैकी काहींच्या मुळाशी चिंता किंवा विषाद असतो. चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास अग्रस्थान दिले, हे वैद्यांस विदित आहेच. त्याच्या मापनासाठी प्रश्नावल्या वापरताना मात्र त्यांचीही परीक्षा व्हावयास हवी.

चोर्पिटा व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ‘आरकॅड्स’ ही ४७ विधानांची प्रश्नावली पाहा. प्रत्येक विधानास ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ असे ० ते ३ गुण आहेत. विधाने आपापल्या गटात जुळतात का, फेरचाचणीत गुण टिकतात का आणि स्वतंत्र मुलाखतीतील निदानाशी ते मिळतात का, या तिच्या कसोट्या होत. तिसरी सर्वांत मोलाची, कष्टाचीही तीच.

केवळ भाषांतराने हे साधत नाही. मराठी मूल ‘चिंता वाटते’ असे क्वचित म्हणते. ‘पोटात गोळा येतो’ म्हणते. शिवाय हृदयाची धडधड व थकवा यांविषयीची विधाने तीत आहेत. पांडुरोगी बालकाचे गुण तेवढ्यानेही वाढतील. ७० हा प्रमाणित गुणांक रोगसूचक मानतात, तोही मूळ अमेरिकी मुलांच्या सरासरीवर बेतलेला. अशा आकड्यावर विसंबून औषधालयाने मेध्य कल्प देणे सर्वथा अनुचित होय.

मृत्यूच्या विचारांविषयीही एक विधान आहे. तेथे ‘नेहमी’ असे उत्तर आल्यास बेरीज करीत न बसता मुलाशी एकांतात बोलावे आणि त्याच दिवशी पालकांसह मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.