बावीस जण, चव्वेचाळीस चपला

पहाटे ५

फुकेतमध्ये पाच वाजतात तेव्हा घरी, पनवेलजवळच्या सुकापुरात साडेतीन झालेले असतात. गजर बंद करताना डोक्यात पहिला येतो तो आकडा: बावीस. बावीस जणांना काल रात्री खोल्यांपर्यंत सोडलं, बावीस जणांना आज समुद्रावर न्यायचं आणि बावीसच्या बावीस परत आणायचे. टूर मॅनेजरचं काम करतेय त्याला बारा वर्षं झाली, पण बोटीच्या आदल्या रात्री अजूनही झोप धड लागत नाही.

त्यातून हा गट माझ्याच गावचा. माथेरान रोडच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमधली माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. ओळख सकाळच्या फेरफटक्याची, भजनी मंडळाची, भाजीच्या गाडीवरची. इतर गटांना विमानतळावर निरोप दिला की काम संपतं. ही माणसं मात्र पुढच्या आठवड्यात कोथिंबीर घेताना पुन्हा समोर येणार, आणि त्यांची मुलं-सुनाही.

खिडकीतून नारळाच्या झावळ्या बघते. हलत नाहीयेत. वारा पडलेला आहे, म्हणजे बोट निघणार. जानेवारीत हे बहुधा असंच असतं. कोकणात पाऊस आणणारे नैर्ऋत्येचे वारेच इथला अंदमान समुद्रही मे ते ऑक्टोबर खवळता ठेवतात. आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते, गेटवेच्या लाँचला सुट्टी असते. इथे मात्र स्वस्तातल्या सहली चालूच राहतात. ५ जुलै २०१८ला फुकेतजवळ फिनिक्स नावाची पर्यटकांची बोट वादळात बुडाली आणि ४७ जण गेले. पावसाळ्यात या बाजूला येतो म्हणणाऱ्याला मी हे सांगतेच. नाराज झाला तरी चालेल.

६:३०

नाश्त्याच्या टेबलांमधून एक फेरी. उलटीची गोळी बोटीत चढण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. ज्यांना गोळी चालत नाही त्यांच्यासाठी आईनं घरून आलेपाकाच्या वड्यांचा डबा दिलाय. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका.

मग सनस्क्रीनच्या बाटल्या तपासायच्या. २०२१पासून थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला मारक ठरणारी चार रसायनं असलेली सनस्क्रीन चालत नाहीत, दंड १ लाख बाथपर्यंत. मी मागचं बारीक लेबल वाचते, नको ती बाटली खोलीत परत पाठवते. "अगं, एवढुशा क्रीमनं समुद्राला काय होणार?" काकू विचारतात. एकट्या काकूंच्या क्रीमनं काही होत नाही. पण एका खाडीत दिवसाला हजारो माणसं उतरली की होतं, आणि ते कसं होतं हे अजून तीन-चार तासांत दाखवणारच आहे.

८:००

बंदरावर पोचल्यावर पहिलं काम चपला काढण्याचं. स्पीडबोटीवर अनवाणीच चढायचं, चपला-बूट धक्क्यावरच्या मोठ्या टोपलीत. बावीस जोड, चव्वेचाळीस चपला. ही टोपली हा माझा दुसरा हिशेब: संध्याकाळी ती रिकामी झाली की माणसं पूर्ण.

बसायच्या जागा मीच ठरवते, त्यावर वाद घालू देत नाही. लाटेवर बोट उचलली जाते आणि आदळते ती नाळेकडून, म्हणून पुढची जागा फोटोला छान आणि मणक्याला वाईट. कंबरेचं दुखणं असलेल्या दोन काकू आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका अगदी मागे, इंजिनांजवळ. तिथे आवाज फार, पण धक्का कमी. गरोदर बाईला तर ही कंपनी बोटीवर घेतच नाही, आणि ते बरोबरच आहे.

मग लाइफ जॅकेट. थाई गाइड एकदा करून दाखवतो, मी प्रत्येकाचा पट्टा हातानं ओढून बघते. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. आपली माणसं बुडाली, तीही आपल्याच बंदरात, दिवसाढवळ्या. त्यानंतर कुणी "गरम होतंय, राहू दे ना" म्हणालं की मी काही बोलत नाही. पट्टा आवळते आणि पुढच्या माणसाकडे जाते.

९:००

फुकेतच्या पूर्व बाजूच्या या मरिनातून बाहेर पडायला एक अरुंद खाडी आहे, दोन्ही बाजूंना तिवरांची दाट झाडी. इथे बोट अगदी सावकाश चालते. गट गप्पांत असतो, निळं पाणी कधी येतंय म्हणून पुढे बघत असतो. फक्त एक काका कडेला वाकून चिखल बघत होते.

हे काका मूळचे उरणच्या बाजूचे, वडिलांचा मचवा होता. १९८९ला शेव्याचं बंदर सुरू झालं, पुढे गावातला धंदा बसत गेला, आणि काका नोकरी धरून पनवेलला आले ते सुकापुरात स्थिरावले. सबंध प्रवासात फार बोलले नव्हते. तिवराच्या मुळांवर ओल्या चिखलाची एक रेघ दिसत होती, पाण्याच्या बोटभर वर.

"सुकती लागली," ते म्हणाले. "परवा पुनव. आज पाणी लांब जाणार."

मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक उघडलं. नऊच्या थोडी आधी भरती संपली होती. घड्याळ न बघता, परक्या देशातल्या खाडीत, झाडाच्या मुळावरून त्यांनी ते वाचलं होतं. खाडी संपली, तीन इंजिनं एकदम गरजली आणि पुढचा पाऊण तास कुणालाच काही बोलता आलं नाही.

१०:००

फी फी ले. समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे कडे, त्यांच्या पोटात माया बे. १९९९मध्ये इथे 'द बीच' या हॉलीवूडपटाचं चित्रीकरण झालं आणि जग इकडे लोटलं. दिवसाला पाच-पाच हजार माणसं, बोटी थेट वाळूपर्यंत, नांगर प्रवाळावर. १ जून २०१८ला सरकारनं ही खाडी बंदच केली. आधी चार महिने म्हणाले, उघडली १ जानेवारी २०२२ला. आता बोटींना आत मज्जाव आहे. बेटाच्या पाठीमागे लो समाच्या तरंगत्या धक्क्यावर उतरायचं, लाकडी वाटेनं झाडीतून चालत यायचं. पोहायला बंदी, ठरवलेल्या जागी फक्त पाय भिजवायचे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवर्षी पूर्ण विश्रांती.

काही गटांना याचा राग येतो. प्रवेशाचे माणशी ४०० बाथ घेता आणि पाण्यात जाऊ देत नाही? मी त्यांना उथळ पाण्याकडे बोट दाखवते. नीट बघा, काळं टोक दिसतंय? शार्कची पिल्लं आहेत ती, परांना काळी टोकं असलेली, माणसाच्या वाटेला न जाणारी. खाडी बंद झाल्यावर परत आली. सकाळी क्रीमबद्दल विचारणाऱ्या काकू बराच वेळ काठावर उकिडव्या बसून राहिल्या. फोटोसाठी हाक मारली तर हातानंच थांब म्हणाल्या.

निघताना मोजणी. बावीस.

११:००

पिले लगून. आजच्या दिवसातली माझी सगळ्यात आवडती आणि सगळ्यात जोखमीची जागा. चहूकडे कडे, मधे हिरवं-निळं पाणी, तळ दिसतो. इथे पाण्यात उतरता येतं.

बहुतेक जण शिडीपर्यंत येतात आणि परत फिरतात. मी आग्रह करत नाही, पण नाही म्हणणाऱ्याच्या डोळ्यांकडे मात्र बघते. सदुसष्ट वर्षांच्या एक काकू तीन वेळा शिडीपाशी येऊन गेल्या होत्या. माणदेशातल्या, दहिवडीकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या, तिथून सुकापुरात.

"काकू, उतरायचंय का?"

"आमच्या विहिरीत भाऊ सगळे शिकले," त्या म्हणाल्या. "पाठीला भोपळा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. मी काठावर कपडे सांभाळत बसायची. पोरींना कुठं कोण सोडतंय."

मी त्यांच्या जॅकेटचा पट्टा पुन्हा एकदा ओढला. "हा भोपळाच समजा."

पंजाबी ड्रेस घालूनच उतरल्या. शिडीची प्रत्येक पायरी दोन्ही पावलांनी, लहान मुलासारखी. थाई गाइड खाली पाण्यात, मी वर. पाणी कमरेला लागलं तेव्हा त्यांनी श्वास रोखला, छातीला लागलं तेव्हा माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. मग गाइडनं सांगितल्याप्रमाणे मान मागे टाकली, कान पाण्यात गेले आणि पाय आपोआप वर आले. हात कधी सुटला ते मला कळलं नाही. ओढणी पाण्यावर पसरली होती. काकू आभाळाकडे बघत होत्या, कड्यांच्या मधल्या तुकड्याकडे, आणि ओठ हलत होते. स्तोत्र म्हणत होत्या की हसत होत्या कोण जाणे.

बारा मिनिटं. वर आल्यावर पहिलं वाक्य: "भाऊ असता तर सांगितलं असतं."

मी टॉवेल दिला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन पाण्यातली डोकी मोजली. सात पाण्यात, पंधरा बोटीत.

पुढे वायकिंग केव्ह लांबूनच. गुहेत बांबूचे उंच मचाण लावून पाकोळ्यांची घरटी काढतात, चिनी सूपसाठी ती फार महाग विकली जातात. उतरायला परवानगी नाही.

दुपारी १२:४५

फी फी डॉनवर तोन्साय गावात जेवण. इथे माझं खरं काम स्वयंपाकघरात असतं. थाई भाजी दिसायला शाकाहारी, पण त्यात नाम प्ला म्हणजे माशांचं पाणी असतंच. "माय साय नाम प्ला", माशांचा रस घालू नका, हे वाक्य मी मराठीइतकंच सराईतपणे बोलते. 'जे' हा शब्द सांगितला की आचाऱ्याला लगेच कळतं: मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. फुकेतमध्ये दरवर्षी नऊ दिवस सगळं शहर असं जेवतं, पिवळे झेंडे लावून. गटातल्या माळकरी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

१:४५

एकवीस.

पुन्हा मोजले. एकवीस. न्हाणीघरात कुणी आहे का? नाही. उरणचे काका नव्हते.

फी फी डॉन हे खरं तर दोन डोंगर आणि मधे वाळूचा एक चिंचोळा पट्टा. एका बाजूला तोन्साय, दुसऱ्या बाजूला लो दलम, मधलं अंतर चालत पाच मिनिटांचं. २६ डिसेंबर २००४च्या सकाळी त्सुनामीचं पाणी दोन्ही बाजूंनी या पट्ट्यावर आलं होतं. ते मला माहीत आहे, म्हणून इथे एक माणूस कमी भरला की माझे पाय थंड पडतात. गट गाइडपाशी ठेवला आणि गल्लीतून पळत सुटले.

लो दलमचं पाणी गेलं होतं. सकाळी फोटोत दिसते ती निळी खाडी नव्हतीच, लांबवर ओली वाळू, आणि त्यावर कुशीवर कलंडलेल्या लांब शेपटीच्या होड्या. काका त्यातल्या एका होडीच्या नाळेपाशी उभे होते. लाल, पिवळ्या, हिरव्या फडक्यांच्या गाठी, त्यावर ताज्या झेंडूचा हार, खाली विझलेली उदबत्ती. होडीवाला वाळूत बसून दोर विणत होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

मला बघून काका ओशाळले. "पाणी किती गेलं ते बघायला आलो. मग हे दिसलं."

मी सांगितलं: प्रत्येक होडीत मे या नांग नावाची देवी राहते असं ही माणसं मानतात. ती नाळेत असते, म्हणून नाळेवर पाय देत नाहीत.

"आम्हीही देत नव्हतो," काका म्हणाले. हार नीट केला, जरा सरकला होता तो. होडीवाल्यानं हात जोडले, काकांनीही.

मला रागवायचं होतं. "काका, पुढच्या वेळी मला सांगून या," एवढंच म्हणाले.

३:००

बांबू आयलंड. पांढरी वाळू, शहाळी, दीड तास. बायकांनी फेर धरून दोन गाणी म्हटली, रशियन मुली येऊन सामील झाल्या. निघताना बावीस.

५:३०

परतीच्या वाटेवर बहुतेक जण पेंगलेले. मरिनाच्या खाडीत चिखल उघडा पडला होता, पाणी नुकतं चढू लागलेलं. बोट मधल्या खोल पट्ट्यातून अंदाज घेत चालली. धक्क्यावर टोपली आणली. एकेक जण आपला जोड शोधून निघाला. शेवटी टोपलीच्या तळाशी वाळू तेवढी राहिली.

रात्री १०:००

जेवणं झाली, कोरफडीचा गर वाटून झाला. एका काकांचं बीपी मोजलं, ठीक आहे. बोटवाल्याचा, उद्यानाच्या तिकिटांचा, शहाळ्यांचा हिशेब लिहिला. सुकापुरात साडेआठ, म्हणून घरी फोन. मुलगा विचारतो, शार्क खरंच दिसला का. आई विचारते, आलेपाक पुरला का. दोन्हीचं उत्तर हो.

उद्या फांग ङाचा उपसागर. तिथे पनाक बेटाच्या गुहांमधून कनूनं आत जायचं असतं. भरती जास्त असली तर गुहेचं छत डोक्याला लागतं, ओहोटी फार असली तर कनू चिखलात बसते. मधली नेमकी वेळ साधावी लागते. वेळापत्रक उघडून उद्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर मराठीत लिहिल्या, अनवाणीच चारशे सहा नंबरच्या खोलीपर्यंत गेले आणि कागद उरणच्या काकांच्या दाराखालून आत सरकवला. दिवा चालू होता. मी वळेपर्यंत कागद आत ओढला गेला होता.