बेगमी उन्हाळ्यातच होते!

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे सामने मार्चच्या सुमारास सुरू होतात. पण मेलबर्नच्या संघांचा सराव नोव्हेंबरपासूनच चालू असतो. तिथला ऐन उन्हाळा त्यातच येतो! यातले कित्येक सराव फुकट पाहता येतात.

लांबट चेंडू घेऊन पळायचं, पण दर १५ मीटरला तो जमिनीवर आपटायचा किंवा टेकवायचा. दुसऱ्याला द्यायचा तो लाथेनं नाहीतर मुठीनं, फेकायचा नाही! हेच पुन्हा पुन्हा. कारण संघात चाळीसेक जण, मैदानात एका वेळी १८ च. नुकतंच निवडलेलं अठरा वर्षांचं पोर जागा मिळवायला धडपडतं. दुखापतीतून उठलेला एखादा कडेला एकटाच धावतो.

इथं गुण नाहीत, टाळ्या नाहीत. पापड लाटताना तरी कोण टाळ्या वाजवतं? पण वर्षभर पुरतं ते तेच ना!